एक, पाच, तीन, सहा, दोन, चार

बांगांच्या हेमराजनं नागपुराहून गाडी आणली,
दोन दारांची, जमिनीला पोट घासणारी.
बोरीअरबच्या पहिल्याच ब्रेकरवर
तिनं सायलेन्सर ठेवला आणि पुढं निघून गेली.

तो खांद्यावर टाकून तौसीफ आला,
मेलेल्या घोरपडीसारखा लोंबता.
मागून हेमराज: "उकंडभाऊ, एक नको, आता दोन लावा.
सहा सिलिंडर हायेत. एका नळीत घुसमटते ते."

मी आजवर ट्रॅक्टरला नळी लावली,
थ्रेशरला, ऑइल इंजिनाला,
एकदा बँडवाल्याच्या कर्ण्याला डाग दिला.
अशी गाडी फक्त कॅलेंडरवर पाहिलेली,
तीही वरून.
खालून सगळ्या सारख्याच:
चिखल, ग्रीस,
आणि कुणीतरी घाईत पिळून ठेवलेला एक बोल्ट.

मे महिना. पाने पाण्याच्या बादलीत ठेवलेले,
नाहीतर हाताचं कातडं घेऊन येतात.
मी खड्ड्यात, वर तौसीफ बॅटरी धरून,
त्याचा घाम थेंब थेंब माझ्या कपाळावर.

नळी वाकवायची तर आधी ती भरायची:
अडाणची वाळू, चाळलेली, तव्यावर भाजलेली
(ओल राहिली तर नळी फुटते, डोळा जातो, बाप सांगायचा),
दोन्ही तोंडांना बाभळीच्या खुंट्या.
मग भाता. मग लाल.
मग खांबाच्या खाचेत घालून
हळूच, रुसलेल्या पोराची मान वळवावी तशी.

पहिली झकास जमली.
दुसरीही झकास जमली, पण त्याच बाजूची.
दोन्ही पायांत डावाच जोडा!
तौसीफ इतका हसला की बॅटरी खड्ड्यात पडली.
परत वाळू, परत खुंट्या, परत भाता.

सहा भोकं इंजिनाच्या कुशीत.
पुढची तीन एका नळीला, मागची तीन दुसरीला.
आणि तो घाईतला बोल्ट रॉकेल पिऊनही हलेना,
शेवटी मान तुटून आतच राहिला.
त्याला लागतो उलट्या आट्यांचा टॅप.
तो वाटणीत पुंजारामकडे गेला.

पुंजाराम टिनाच्या पलीकडे. सहा वर्षं.
त्याचा ग्राइंडर मला ऐकू येतो, माझा त्याला.
पोराला पाठवलं.
टॅप आला, फडक्यात गुंडाळलेला,
ताजं तेल लावलेला.
"काही म्हणाला का?"
"नाही. जेवत होते. ताटावरून उठून दिला."

सांजच्याला लाइट गेली.
गॅसच्या उजेडात शेवटचे टाके,
टायरट्यूब कापून केलेली लटकणी,
आणि हेमराजनं चावी फिरवली.

मला वाटलं होतं दोन आवाज येतील.
आला एकच, जाड, न तुटणारा.
बाजेवरचा म्हातारा उठून बसला,
गोठ्यातल्या म्हशीनं रवंथ थांबवलं.
हेमराज बोटं मोडून सांगू लागला:
"एक, पाच, तीन, सहा, दोन, चार.
म्हणजे पुढचा, मागचा, पुढचा, मागचा..."

मला नको होतं सांगायला.
बाप सांडशीत बैलगाडीची धाव धरून बसायचा,
पुंजारामचा घण, माझा घण, त्याचा, माझा.
बापाची हातोडी मधेच टिचकी मारी: इथं.
धाप लागो, डोळ्यांत घाम जावो, पाळी चुकवायची नाही.
चुकली की घणावर घण,
आणि लोखंड तसंच राहून जातं.

मी मागं उकिडवा बसलो,
एक तळवा डाव्या नळीपुढं, एक उजवीपुढं.
डावी किंचित जोरात फुंकत होती.
हेमराजला सांगितलं नाही.
त्यानं दोनशे कमी दिले, मीही मोजले नाहीत.

गाडी दारव्ह्याच्या रस्त्याला लागली.
पार पुलापर्यंत ऐकू येत राहिली.
टिनापलीकडे खाट करकरली, मग काही नाही.

तौसीफ म्हणाला, "टॅप देऊन येऊ?"
म्हटलं, "थांब. गरम आहे अजून."
तो टॅप हातात घेऊन
उलटसुलट फिरवून पाहत राहिला.